फ्रिस्कोतलं घर आणि कोथरूडचा फ्लॅट

प्रश्न : आम्ही दोघंही एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर, अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रिस्कोत राहतो. भाडं 3,100 डॉलर. 7 लाख डॉलरचं नवं बांधलेलं घर आवडलंय. कोथरूडचा फ्लॅट विकून डाउन पेमेंट भरावं का?

उत्तर : फ्लॅट विकू नका, निदान यासाठी तरी.

फ्रिस्कोची भुरळ पडणं साहजिक आहे. 2000 साली जेमतेम 34 हजार वस्तीचं हे गाव 2020 च्या जनगणनेत 2 लाखांच्या पुढे गेलं. डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाचं मुख्यालय इथे, पीजीए ऑफ अमेरिका या गोल्फ संघटनेचंही इथेच. शाळा उत्तम, हनुमानाचं मोठं मंदिरही आहे. राज्याचा इन्कम टॅक्स नाही, हे तर तिथे भेटेल तो सांगतो. पण ती कसर प्रॉपर्टी टॅक्स भरून काढतो, आणि त्यातला सर्वात मोठा वाटा त्याच शाळांचा.

हिशेब मांडू. 20 टक्के डाउन पेमेंट भरून उरलेलं 5 लाख 60 हजारांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी 30 वर्षांसाठी धरलं, तर हप्ता 3,540. राहत्या घराची सवलत मिळूनही टॅक्स महिना 800 च्या आसपास. विमा आणि एचओए, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीची वर्गणी, मिळून 450 धरले. झाले जवळपास 4,800. सुरुवातीला त्यातून मुद्दल फिटतं जेमतेम 500.

नव्या घरात आणखी एक मेख असते. टॅक्ससाठी मूल्य 1 जानेवारीच्या स्थितीवरून ठरतं. त्या दिवशी तुमच्या प्लॉटवर नुसता पाया असेल, तर पहिलं बिल किरकोळ येतं, बँक एस्क्रोही, म्हणजे टॅक्स-विम्यासाठी हप्त्यासोबत बाजूला ठेवायची रक्कम, तेवढाच कापते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल, वर मागची तूट; हप्ता एकदम उडी मारतो.

शिवाय जमीन काळी चिकणमाती, आपल्या सोलापूरकडच्यासारखी उन्हाळ्यात भेगाळणारी. लोक चक्क घराच्या पायाला पाणी घालतात! गारपीट वेगळीच. विम्यात तिचा डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण सोसायचा वाटा, 2 टक्के असेल आणि घराचा विमा 5 लाखांचा, तर छपराचे पहिले 10 हजार तुमच्या खिशातून.

माझी कसोटी एकच : एकाच्या पगारात 4,800 निघतात का? नोकरी गेली तर व्हिसावर साधारण 60 दिवस मिळतात. तेवढ्यात घर विकलं जाईलच असं नाही. एकाच्या पगारात ते 4,800 निघत असतील, तर तिथल्याच बचतीतून थोडं लहान घर घ्या.

फ्लॅट विकलात तर एनआरआय म्हणून टीडीएस कापला जाईल, नफा अमेरिकेतही दाखवावा लागेल. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण कागदपत्रांची दमछाक ठरलेली.

आणि सही करण्याआधी त्याच गल्लीतल्या, दोन वर्षं जुन्या घराचं टॅक्स बिल काउंटीच्या साइटवर बघा. बिल्डरच्या कागदावरचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा.