वाचक विचारतात : मापकात पाऊस भरपूर, उपग्रहात कमी का?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माझ्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) पर्जन्यमापक आहे. जुलैत सकाळी त्यात 120 मिलिमीटर भरतं, उपग्रहाचा आकडा मात्र निम्म्याहून कमी. खोटं कोण बोलतं?

उत्तर : मापक पोफळींखाली नसेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. (आडोशाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हवं.) उपग्रह थेंब मोजत नाही. भारताचा हवामान उपग्रह इन्सॅट-3डीएस सुमारे 36,000 किलोमीटरवरून ढगाच्या माथ्याचं तापमान पाहतो. माथा जितका गार, तितका ढग उंच आणि पाऊस जास्त, असा त्यामागचा हिशेब. घाटाच्या पायथ्याशी तो चुकतो. समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीवर चढतो, ढग बुटकेच राहतात, माथा फारसा गारठत नाही, आणि तरी पाऊस झोडपून काढतो.

दुसरे काही उपग्रह सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) टिपतात; त्या ढगातून आरपार येतात खऱ्या. समुद्रावर हे उपग्रह थेंबांचंच उत्सर्जन टिपतात. जमीन मात्र स्वतःच इतकं उत्सर्जन करते की तिथे ढगातल्या हिमकणांनी विखुरलेल्या लहरींवर भिस्त ठेवावी लागते, आणि बुटक्या ढगात हिम थोडंच. 2014 पासून फिरणाऱ्या जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहावर रडार आहे, पण डोंगराळ भागात जमिनीलगतचा थर त्यालाही नीट दिसत नाही.

शिवाय तुलना सारख्याशी सारख्याची हवी. आयमर्ग, म्हणजे अनेक उपग्रहांच्या नोंदी जोडून नासा काढते ती पावसाची आकडेवारी; तिचा एक चौकोन सुमारे 11 किलोमीटरचा, तुमचं मापक वीतभर तोंडाचं. आयमर्गचा दिवस आपल्या पहाटे 5.30 ला सुरू होतो, हवामान खात्याचा सकाळी 8.30 ला. म्हणून अर्ध्या तासाच्या 48 फाइली घ्या, जागतिक वेळेच्या 3.00 (आपल्या 8.30) पासून. फाइलीतला आकडा ‘ताशी मिलिमीटर’ असतो. बेरीज करून दोनाने भागा. हे विसरल्याने पाऊस दुप्पट दाखवणारे बरेच जण भेटतात! चार तासांत मिळणारी ‘अर्ली’ आवृत्ती घाईच्या कामापुरती. जमिनीवरच्या मापकांशी जुळवलेली ‘फायनल’ साडेतीन महिन्यांनी येते. हंगामाचा हिशेब तिच्यावरच करा.

प्रश्न : उपग्रहाच्या बाष्पाच्या चित्रात गोवा काळा, म्हणजे कोरडा, मडगावात मात्र घामाच्या धारा. असं कसं?

उत्तर : ते चित्र 6.5 ते 7.1 मायक्रॉनच्या पट्ट्यातलं. त्यात मुख्यतः पाच ते दहा किलोमीटर उंचीवरचं बाष्प दिसतं; तुम्हाला घाम फोडणारं बाष्प त्याच्या खाली असतं. त्यासाठी पणजीहून सोडलेल्या हवामान-फुग्याची नोंद पाहा.