बारशाआधी एवढं कर
अगं, लेकीच्या नावांची यादी मोबाइलमध्ये असू दे, पण प्रत्येक नाव आधी जिन्यातून मोठ्याने हाक मारून बघ. ‘सुमन’ म्हटलं की मला सारवलेलं अंगण दिसतं, ‘कुसुम’ला नऊवारीच्या घडीतल्या डांबरगोळीचा वास येतो. तुला नाही येणार, ते माझं झालं. ‘सावित्री’ जड वाटतं म्हणतेस? सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१ चा. घरात ‘सावू’ म्हण की! ‘कृष्णा’ ऐकलं की माहुलीच्या घाटावरचं गार पाणी पायाला लागतं, पण बाहेरगावी मुलगा समजतील. अर्थ मात्र नीट बघ. २०११ साली आपल्या साताऱ्यात २८५ ‘नकुशीं’ना, म्हणजे ‘नकोशी’ म्हणून तसं नाव ठेवलेल्या मुलींना, नवी नावं द्यावी लागली. आणि आत्याला आधी विचार, कानात कुर्र तीच करणार आहे.