समुपदेशन चालू असताना योगोपचारही सुरू करावेत का?

तुमचा प्रश्न: बहिणीला अपघातानंतर दीड वर्षं भीतीचे झटके येतायत, समुपदेशन चालू आहे, आणि घरचे म्हणतात ते बंद करून योग सुरू कर. दोन्ही एकत्र चालेल का, आणि नाशिकमध्ये खर्च किती?

चालतं. "बंद करून" हे दोन शब्द वाचले आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना लिहायला बसलो.

आमचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान. २०१६ च्या ऑगस्टमधला पूर नाशिककराला सांगायला नको. आम्ही पूर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो, कमरेला लागला, छातीला लागला. त्या दिवशी मारुती दिसेनासा झाला. मी आणि दादा खालचा माल माळ्यावर चढवत होतो. चढवता चढवता शटरमधून बाहेर पडण्यासारखं राहिलं नाही. मग माळ्यावर, ताठ बसलं तर डोकं छताला लागेल एवढ्या जागेत, अंधारात पाच-साडेपाच तास. पाण्याचा आवाज मला आठवतसुद्धा नाही. आठवतात त्या घागरी. रिकामी घागर तरंगते आणि हळूच दुसरीवर जाऊन आपटते. टण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग परत टण्ण.

पुढे काय झालं असेल ते बघा. धंदा पितळेचा आणि धास्ती पितळेच्या आवाजाची! गिऱ्हाईक हंडा बोटाने वाजवून बघणारच, आणि त्याने वाजवला की माझे हात गार पडायचे. घरी हिने ताटं फडक्यात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली.

दादा तीस वर्षं योग करतो. त्याचं म्हणणं, "पाणी आलं, गेलं. बोलून काय होणार? पहाटे उठून कपालभाती कर." गेलो एका वर्गाला. कपालभातीने छाती धडधडायला लागली, आणि छाती धडधडली की माझ्या अंगाला एकच गोष्ट आठवत होती. कशीबशी ती वेळ काढली. मग शवासन. हॉलमधले दिवे घालवले, डोळे मिटा म्हणाले, आणि शेवटी सरांनी काशाची वाटी वाजवली. मी अनवाणी गंगापूर रोडवर. चपला दुसऱ्या दिवशी मुलीने आणल्या, सोबत सरांचा निरोप: मन कमकुवत आहे, सातत्य ठेवा. दादाने तो निरोप सगळ्या नातेवाइकांना ऐकवला. स्थिरसुखमासनम् हे पतंजलींचं सूत्र मी दादाच्याच तोंडून हजारदा ऐकलंय. त्या हॉलमध्ये मी स्थिरही नव्हतो आणि सुखातही नव्हतो.

मग मुलीने काउन्सेलर मॅडमकडे नेलं. मॅडम हुशार, पण आठ बैठकांत मी फक्त पूर छान सांगायला शिकलो. पेपरातली बातमी वाचावी तसा सांगायचो, आवाज जरा हलायचा नाही. घागरींबद्दल तर बोललोच नव्हतो. नवव्या बैठकीला खालच्या हॉटेलात कुणाच्या तरी हातून पातेलं पडलं आणि माझं वाक्य तिथंच तुटलं, पाय आखडले. मॅडमनी काही विचारलं नाही. तळवे जमिनीवर दाबायला लावले, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावली. मग म्हणाल्या, "पाणी ओसरलं हे तुम्हाला कळलंय. तुमच्या पोटऱ्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही."

त्यांनीच एक योगशिक्षिका सुचवल्या. त्यांच्याकडे डोळे उघडे ठेवले तरी चालायचे, पाठ भिंतीला, सतरंजी दाराजवळ. त्या अंगाला हात लावत नसत. प्रत्येक वेळी विचारायच्या, "करून बघायचंय? नको तर नको." श्वास घेताना चार आकडे, सोडताना सहा, मध्ये रोखायचा नाही. सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके उतरतात, त्यात गूढ काही नाही. महिनाभर मला हा पोरखेळ वाटला.

पण ताडासनात हात वर गेले की रडू यायचं. दर वेळी. का ते मलाच कळेना. बाईंनी माझी परवानगी घेऊन मॅडमना फोन केला आणि पुढच्या बुधवारी मॅडमनी मला उभं करून फक्त हात वर करायला सांगितले. हात वर गेले आणि तोंडातून निघालं: मी खालून माल वर देत होतो. दादा वरून घेत होता आणि "बस झालं, चल" म्हणत होता. "आणखी एक खेप" मी म्हटलं होतं. आठ बैठका तोंडाने जे झाकून ठेवलं, ते हातांनी सांगून टाकलं. आणि ते ऐकायला समोर मॅडम नसत्या तर मी नुसता ताडासनात रडत राहिलो असतो.

दादाने मध्ये एक इंग्रजी कात्रण आणलं, योग जिंकला म्हणून. मुलीकडून नीट वाचून घेतलं. बेसेल व्हॅन डर कोल्क या डॉक्टरांचा २०१४ चा अभ्यास. आघाताच्या जुनाट त्रासाच्या ६४ बायका, उपचार घेऊनही बऱ्या न झालेल्या. निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्याला तासभर योग. शेवटी योगाच्या ३१ पैकी १६ जणी आजाराच्या व्याख्येबाहेर आल्या, दुसऱ्या गटात २९ पैकी ६. आकडे चांगलेच आहेत. पण दादा, तो योग डोळे मिटवायला लावणारा नव्हता, आणि त्या बायकांनी आधीचे उपचार "बंद करून" तो केला असं त्यात कुठेही नाही. शिवाय ३१ पैकी १५ उरल्याच.

तुमच्या बहिणीला अपघातात स्टिअरिंगवर कोण होतं, ब्रेक कोणाला लागला नाही, हे मला माहीत नाही. तिलाही कदाचित अजून सांगता येत नसेल. म्हणून समुपदेशक आणि योगशिक्षक या दोघांचं आपसात बोलणं हवं, तिच्या परवानगीने. एक इकडे ओढतोय, दुसरा तिकडे, असं असेल तर पैसे वाया. भस्त्रिका-कपालभाती सध्या नको. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यनेचंही कोणीतरी सुचवेल, मलाही सुचवलं होतं. तिथल्या अर्जातच मानसिक त्रासाबद्दल विचारतात, ते खरं भरा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर मी तेव्हा मॅडमना बैठकीचे ८०० आणि योगाचे महिन्याला दीड हजार देत होतो. आताचे दर वेगळे असतील. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी बघा.

हे सगळं मी डॉक्टर नसताना लिहितोय. मला मानसोपचारतज्ज्ञांची छोटी गोळीही आठ महिने होती, हे वर लिहायचं राहिलं. बहिणीला गोळ्या चालू असतील तर योगाच्या जोरावर सोडू देऊ नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवत असेल तर यातलं काहीच आधी नाही, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, लगेच फोन लावा.

दादा हे वाचेल, वाचू दे. तोही त्या रात्री माळ्यावर माझ्याशेजारी होता आणि म्हणतो मला काही झालं नाही. त्या दिवसापासून तो माळ्याची शिडी चढलेला नाही. वरचं काही काढायचं असलं की पोऱ्याला हाक मारतो.

योगवर्गाला आधी तुम्ही एकटे जाऊन बघून या. शवासनात दिवे घालवतात का, वाटी वाजवतात का, ते विचारा. आणि बहिणीला दाराजवळची जागा मिळेल का तेही.