पगाराआधी हवा विचार

तू विचारलंस, "दादा, ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत डिझेल फिटरची ऑफर आलीय. काम जमिनीखाली आहे. पगार बरा, पण धुराचं काय? येऊ का?"

पगाराचं एजंट सांगेलच. मी धुराचं सांगतो.

आपण विट्याकडची माणसं, घराघरात गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. माझे मामा सोन्यातली चांदी उतरवायला तेजाब (नायट्रिक ॲसिड) ओतायचे, की तांबूस धूर उठायचा आणि मामा श्वास रोखून मागं सरायचे. तो नायट्रोजन डायऑक्साइड. सुरुंग उडाल्यावर आणि डिझेलच्या धुरातही तोच असतो. पण तो घशाला लागतो, सांगून येतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, आणि काजळीचे कण इतके बारीक की थेट फुप्फुसाच्या तळाला जाऊन बसतात. डिझेलचा धूर कॅन्सर करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ सालीच ठरवलंय.

इथला नियम असा : इंजिनाच्या दर किलोवॉटमागं सेकंदाला किमान ०.०५ घनमीटर हवा. २५० किलोवॉटचा लोडर आणि ५०० चा ट्रक एका बोगद्यात शिरला की झाली साडेसदतीस घनमीटर. ही हवा पंख्यापासून कामाच्या तोंडापर्यंत व्हेंट बॅगमधून येते, म्हणजे छताला टांगलेली माणूस मावेल एवढी जाड नळी.

कागदावर हिशोब बसतोच. माझ्या पहिल्या खाणीत ट्रक घासून बॅग हातभर फाटली होती. पंखा घोंघावतोय, आणि पुढं बॅग वाळक्या दोडक्यासारखी लोंबतेय. दोन दिवस डोळे चुरचुरले, नाक शिंकरलं की रुमाल काळा. सुपरवायझर म्हणाला, पंखा चालू आहे की! तेव्हापासून मी पंख्याच्या आवाजावर जात नाही. बॅगेच्या तोंडाशी हात धरून बघतो.

तू फिटर, म्हणून आणखी एक. एअर फिल्टर चोंदला, इंजेक्टर बिघडला की काजळी वाढते, आणि मशिन चालू ठेवून तपासताना ती पहिली तुझ्याच नाकात. तेव्हा मुलाखतीत सरळ विचार : वर्कशॉपची हवा बाहेर कुठून जाते? कामगाराच्या पट्ट्याला पंप आणि कॉलरला नळी लावून हवेचे नमुने घेता का? आकडे कामगारांना दाखवता का? काजळीची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम एलिमेंटल कार्बन, म्हणजे काजळीतला निव्वळ कार्बन, तीही ८ तासांच्या सरासरीवर. पाळी मात्र १२ तासांची असते. इथं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी ऑफर बघ, फिटरला कामाची वानवा नाही.

आणि पाठवलेल्या फोटोतली ती दाढी काढावी लागेल. धुरासाठीच्या मास्कच्या कडेखाली केस आले की हवा बाजूनं आत शिरते, फिट टेस्टला, म्हणजे मास्क घट्ट बसतो का त्या चाचणीला, उभंच करत नाहीत. मिशी चालते. माझी आहे अजून.