मांडव्यांनी धर्माला जाब विचारला

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. शेजारचं तीन महिन्यांचं लेकरू गेलं, जमलेल्यांनी 'पूर्वसंचित' म्हणून विषय मिटवला, आणि तुला रात्रभर झोप लागली नाही. आता त्या घरी तुला चार शब्द बोलायला बोलावलंय. शास्त्राला धरून काय बोलू, असं विचारतोस.

महाभारताच्या आदिपर्वातली अणीमांडव्यांची कथा काढ. मौनव्रत धरून उभ्या असलेल्या या ऋषींच्या आश्रमात चोरांनी लूट दडवली आणि राजानं ऋषींनाच सुळावर दिलं. प्राण गेला नाही. चूक कळल्यावर राजा पाया पडला, पण सूळ काही निघेना. तो मुळाशी छाटला आणि टोक अंगात घेऊनच मांडव्य हिंडू लागले. अणी म्हणजे ते टोक. त्यांनी थेट धर्माला, म्हणजे पापपुण्याचा न्याय करणाऱ्या देवाला गाठलं : माझं पाप कोणतं? धर्म म्हणाला, तू लहानपणी किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस.

एवढ्याशा अपराधाला एवढा दंड? मांडव्यांनी धर्मालाच शाप दिला, शूद्र स्त्रीच्या पोटी माणूस होऊन जन्म घे. तोच विदुर. (तो जन्म शिक्षा ठरवावा हे मला मुळीच पटत नाही, आणि निरूपणात तू ते लपवू नकोस.) वर मर्यादा घातली : वयाच्या चौदा वर्षांपर्यंत पातक लागणार नाही. लेकरांच्या बाजूनं खुद्द न्याय करणाऱ्याला जाब विचारलेला आपल्याच ग्रंथात आहे, बाळा.

कोणी म्हणेल, हे कर्म मागच्या जन्माचं. देव पक्षपाती आहे, निर्दय आहे, हा आक्षेप वेदान्ताच्या मूळ ग्रंथानं, ब्रह्मसूत्रांनीही विचारात घेतलाय आणि उत्तर कर्माचंच दिलंय. मी ते मानतो. पण ते वादात आक्षेप घेणाऱ्याला दिलेलं उत्तर आहे. कूस रिकामी झालेल्या बाईनं काही वाद मांडलेला नसतो.

तरुणपणी मी अशाच एका घरी प्रारब्धावर तासभर बोललो. आई समोर बसून एका झबल्याचे बंद बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. मी उठलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "त्यानं काय केलं होतं हो?" मला पाणीसुद्धा गिळवेना. पुन्हा त्या घरी जायचं धाडस झालं नाही, ते आजही सलतं.

तू जा. वही घरी ठेव. खाली सतरंजीवर बस, आणि ती बाळाचं नाव घेईल तेव्हा तूही घे.

तुझा,
काका