कूस बदलली की घर फिरतं? सलाईन थांबवा, कान दाखवा

ताई, सासूबाईंचं वर्णन तुम्ही चांगलं नेमकं लिहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. वय ५८. सकाळी उठताना, उजवीकडे कूस वळताना आणि फळीवरचा डबा काढायला मान वर केली की घर गरगर फिरतं, मळमळतं, अर्ध्या-एक मिनिटात थांबतं. बीपी बरोबर, शुगर बरोबर, मानेचा एक्स-रे झाला, पिवळ्या सलाईनी लागल्या, चक्करच्या गोळ्या दीड महिन्यापासून सुरू आहेत. घरचे म्हणतात कमजोरी, शेजारी म्हणतात बाहेरचं. आणि कापसाची वेचणी तोंडावर आली आहे, तर वावरात जाऊ द्यावं की नाही, हा तुमचा प्रश्न.

मी ऑडिओलॉजिस्ट. वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या लोकांचे कान तपासण्यातच माझी नोकरी गेली. “मॅडम, घर फिरून राह्यलं” हे वाक्य ऐकलं की मी आधी एकच विचारते: बसल्या जागी फिरतं, की डोकं हलवल्यावर? डोकं हलवल्यावरच आणि मिनिटभराच्या आत थांबत असेल, तर बहुतेक वेळा दोष आतल्या कानातल्या खड्यांचा असतो. पेशंट न पाहता मी निदान करणार नाही. पण तुमच्या वर्णनात कमजोरीसारखं मला काहीच दिसत नाही.

आता हे खडे काय ते सांगते. आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला लागूनच तोल सांभाळणारा भाग असतो. त्यात प्रत्येक बाजूला तीन अर्धगोल नळ्या, द्रवाने भरलेल्या. डोकं वळलं की द्रव मागे राहतो, नळीतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं अमुक दिशेला फिरलं. फुगडी थांबल्यावरही पोरींना अंगण फिरताना दिसतं ते यामुळेच: पाय थांबले, द्रव अजून थांबलेला नसतो. नळ्यांच्या बुडाशी दोन पिशव्या असतात. तिथे एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसलेले असतात. डोकं किती कललं, बस सुटली की थांबली, हे त्या खड्यांच्या वजनावरून कळतं. वय वाढलं, डोक्याला मार बसला किंवा माणूस बरेच दिवस अंथरुणाला खिळला, की त्यातले काही सुटतात आणि बहुतेक वेळा मागच्या नळीत जाऊन पडतात, कारण उभं असताना किंवा झोपलेलं असताना तीच खालच्या अंगाला येते.

मग सासूबाई कूस वळतात. डोकं थांबतं, पण खडे घरंगळत राहतात आणि द्रव ओढतात. नळी मेंदूला कळवते, “अजून फिरतोय.” दुसरा कान म्हणतो नाही, पाठीला टेकलेली गादी म्हणते नाही. नुकसानीचा पंचनामा करायला आलेल्या तलाठ्यासमोर तिघांनी तीन आकडे सांगावे तशी मेंदूची गत होते. फरक एवढाच की मेंदूला चौकशीला वेळ नसतो. कानाकडून डोळ्यांच्या स्नायूंकडे जाणारा मार्ग फार आखूड आहे, सेकंदाच्या शंभराव्या भागात काम होतं. करून बघा: हातातला मोबाईल स्थिर धरून मान भराभर डावी-उजवीकडे हलवा, अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून मोबाईल त्याच वेगाने हलवा, काही वाचता येत नाही. पहिल्या वेळी कानाने डोळ्यांना आधीच उलट्या दिशेला ढकललेलं असतं.

खोटी बातमी आली तरी हा मार्ग तसाच चालतो. नसलेलं फिरणं भरून काढायला डोळे झटके देत सरकतात, म्हणून भिंत फिरताना दिसते. त्या क्षणी सासूबाईंच्या डोळ्यांत नीट पाहिलंत तर बुबुळं थरथरताना तुम्हालाही दिसतील. बाहेरचं-आतलं याचा निकाल तिथेच लागतो. मळमळही तिथूनच येते, पोटातून नाही.

दोष कानाचा असू शकतो, हे मान्य व्हायला युरोपातही वेळ लागला. पॅरिसचे डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली मांडेपर्यंत अशा चकरा मेंदूत रक्त साचल्याच्या समजल्या जात. पुढे व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना कान धुताना गार किंवा गरम पाणी गेलं की रोग्याचे डोळे झटके देतात हे दिसलं, त्यावरून त्यांनी तपासणी बसवली आणि १९१४ चं नोबेल मिळवलं. बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

तपासणी साधी आहे. मशीन लागत नाही. बसवायचं, मान एका बाजूला ४५ अंश वळवायची, पटकन आडवं करून डोकं खाटेच्या काठाखाली थोडं झुकवायचं आणि डोळे पाहायचे. दोष सापडला की एपली पद्धतीने डोकं आणि अंग क्रमाने वळवत खडे नळीतून परत पिशवीत सोडतात. प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. पुष्कळांना एका बैठकीतच फरक पडतो, काहींना दोन-तीन लागतात. यूट्यूब पाहून घरी करू नका. कोणता कान, कोणती नळी हे आधी ठरावं लागतं, आणि मानेचा त्रास असेल तर पद्धत बदलतात.

सलाईनने खडे हलत नाहीत. गोळ्यांनीही नाही, त्या मळमळ कमी करतात, चार-आठ दिवस ठीक. महिनोन्महिने घेतल्या तर सुस्ती येते, म्हाताऱ्या माणसाला पडायची भीती वाढते आणि मेंदूचं शिकणंही मंदावतं. कारण मेंदू शिकतो. एका कानाचा तोल कायमचा गेला तरी लहान मेंदू काही आठवड्यांत उरलेल्या बातम्यांवर नवा हिशेब बसवतो. पण त्याला हालचाल लागते, झोपवून ठेवलेल्या माणसात ते होत नाही. म्हणून गोळ्या डॉक्टरांना विचारून कमी करा, आणि अंथरुणातून उठवा.

खाली प्रतिक्रियेत एका दादांनी विचारलंय की त्यांच्या वडिलांना आंघोळीत डोळे मिटून डोक्यावर पाणी घेतलं की झोक जातो. तो प्रकार वेगळा. तिथे पायांकडून येणारी बातमी तुटलेली असू शकते. बरीच वर्षं शुगर असली की तळव्यांची जाण जाते, मग माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. अंधारात धुऱ्यावरून चालताना तोच माणूस पडतो. पूर्वी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतलेल्यांतही असं दिसायचं, त्या औषधाने आतल्या कानाचे केस मरतात. दादा, वडिलांची शुगर आणि पाय दोन्ही तपासा.

ताई, एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चक्कर थांबतच नसेल, बोलणं जड होत असेल, एकाचे दोन दिसत असतील, हातपाय लुळे वाटत असतील, आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर कान-बिन काही नाही, त्याच घटकेला मोठा दवाखाना.

नाहीतर सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवा. यवतमाळ जवळ पडत असेल तर तिथलं शासकीय रुग्णालय. “चक्कर येते” एवढंच सांगू नका. कोणत्या बाजूला वळल्यावर येते आणि किती वेळ टिकते, ते सांगा. पुन्हापुन्हा होत असेल तर व्हिटॅमिन डी तपासायला हरकत नाही, कमतरता असलेल्यांत हे जास्त आढळतं.

वेचणीचं म्हणाल, तर खडे बसवून झाल्यावर खुशाल जाऊ द्या. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उभ्याने वेचता येते. फक्त पहिला आठवडा विहिरीवर पाणी काढायला आणि भरलेल्या बंडीवर चढायला दुसऱ्या कोणाला पाठवा.