राष्ट्र-राज्य दुबळं झालं, की त्याचं काम बदललं?

व्यापाराचे, पर्यावरणाचे, साथरोगांचे नियम देशाबाहेर ठरू लागल्यावर राष्ट्र-राज्याला, म्हणजे सार्वभौम देशाच्या सत्तेला, काय अर्थ उरतो, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते राज्याची एकट्याने ठरवण्याची मोकळीक नक्कीच कमी झाली आहे. पण ठरलेलं अमलात आणणारं दुसरं कोणी नाही. राज्याविना जागतिक कारभाराचं पानही हलत नाही.

ओझोनचंच घ्या. ओझोनच्या थराला घातक रसायनं बंद करण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो स्वीकारला. त्यातल्या सीएफसी या रसायनांचं उत्पादन २०१० पर्यंत थांबायचं होतं. तरीही त्यांपैकी सीएफसी-११ चं उत्सर्जन २०१२ नंतर वाढलंय, हे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या मोजणी केंद्रांच्या नोंदींवरून पुढच्याच वर्षी माग लागला तो पूर्व चीनचा, मुख्यतः शानडोंग आणि हेबेई प्रांतांचा. चोरी पकडली देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी. पण कारखान्यात शिरून माल जप्त करायचा अधिकार त्यांना नव्हता, कराराच्या सचिवालयालाही नव्हता. तो फक्त चिनी सरकारला होता. सरकारने कारवाई केली आणि उत्सर्जन झपाट्याने उतरलं. जागतिक नियम आणि सक्षम राज्य एकमेकांचे शत्रू नाहीत, हे मला यातून सर्वांत स्पष्ट दिसतं.

राज्याने हात काढून घेतला की काय होतं, तेही पाहा. देशादेशांतल्या व्यापारी तंट्यांची अपिलं ऐकणाऱ्या, जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळात सात सदस्य असायचे. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये सुनावणीला लागणारे तीन सदस्यही उरले नाहीत. तेव्हापासून हरलेला देश अपील दाखल करून निकाल लटकवून ठेवू शकतो.

अर्थात, सगळी राज्यं सारखी धरू नका. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या बदलांना ८५ टक्के मतं लागतात आणि १५ टक्क्यांहून जास्त मतं एकट्या अमेरिकेकडे आहेत. म्हणजे तिच्या संमतीशिवाय तसा बदल होऊच शकत नाही. कर्ज घेणाऱ्या लहान देशाला मात्र निधीच्या अटी मान्य करून घरचा अर्थसंकल्प बदलावा लागतो. सार्वभौमत्व कुठे आटतंय हे शोधायचं असेल तर अशा देशांकडे बघायला हवं.

मला खरी काळजी वाटते ती संसदांची. वाटाघाटी मंत्री आणि अधिकारी करतात. लोकप्रतिनिधींसमोर मसुदा येतो तोवर त्यातलं एक वाक्यही बदलता येत नाही, आणि कित्येक करार तर त्यांच्यापुढे येतच नाहीत. यावर उपाय नाही असं म्हणणाऱ्यांनी डेन्मार्क पाहावा. तिथे युरोपीय संघात महत्त्वाच्या विषयावर बोलणी करण्याआधी मंत्र्याला संसदेच्या युरोपविषयक समितीपुढे आपली भूमिका मांडावी लागते. समितीत बहुमत विरोधात गेलं, तर ती भूमिका घेऊन त्याला ब्रसेल्सला जाता येत नाही.